मापाचं वय

बाई, ते टेबलावर नका ठेवू.
मांडीवर द्या.

इतवारीत माझं दुकान अकरा फुटांचं.
पाटी नाही. लोक विचारत येतात,
लाकडाचं वय सांगणारा कुठं बसते म्हणून,
आणि पानवाला चुना लावता लावता
मान न उचलता बोट दाखवतो.

मृणाल पाचघरे. धरमपेठेतून आल्या होत्या,
इंदुरी साडीच्या फडक्यात पायली गुंडाळून.
"शंभर वर्षांची तरी असेल ना?"
सगळ्यांना शंभरच हवी असतात.

मी काठावर पाण्याचा थेंब ठेवला
आणि चहा सांगितला.
चहा येईतो थेंब निळसर झाला. बिजा.
एका खोडातून कोरलेली, कुठं जोड नाही.
सुतळीनं तोंड मोजलं, उभं, मग आडवं.
दोन सूत फरक.
गोल लाकूड म्हातारं होताना लांबट होत जातं,
रेषांच्या आडवं आकसतं, रेषांच्या बाजूनं हट्टानं तेवढंच राहतं.
पट्टीचे खिळे चौकोनी, एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही,
आणि काठ एका अंगाला झिजलेला, अंगठा बसेल इतका.
तिथूनच हात फिरायचा रास सपाट करत
आणि मापारी पहिल्या मापाला एक न म्हणता
लाभ म्हणायचा.

"नव्वद," मी म्हटलं. "शंभर सांगा लोकांले, चालते."

मग हात आत घातला
आणि बूड लवकर लागलं.

हातिमभाईकडून तांदूळ मागवला, चार शेर.
जुना हिशोब त्यांना अजून तोंडपाठ.
भरला. सपाट केला.
एक मूठ उरली.
माझी मूठ. सुताराची, मोठी.

"तुमच्याकडे कोण होतं धंद्यात?"
"आजोबा. मस्कासाथेत गादी होती."
"आत तबकडी आहे. काढू?"
बाई पंख्याकडे बघत राहिल्या.
पंखा बंद होता.
"काढा."

पटाशी लावली. जुना डिंक साखरेसारखा कडकडला.
तबकडी सालईची, संत्र्याच्या खोक्याची फळी,
खालच्या अंगाला काळ्या शाईत कापली गेलेली अक्षरं:
गपू.
आणि ती गोल नव्हती. तीही दोन सूत लांबट.
म्हणजे पायली आधी म्हातारी झाली,
मग कोणी सावकाश बसून
तिच्या म्हातारपणाच्या मापाची फळी कापली.

तिच्याखाली जुनं बूड धड होतं.
भोक नाही. वाळवी नाही, उंदराचा दात नाही.
एखादं भोक मी आशेनं शोधलं,
म्हणजे दुरुस्ती म्हणता आली असती.
फक्त ज्वारीचे दाणे निघाले, अकरा,
चपटे, काळे,
कोणाच्याच पदरात न पडलेले.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या,
"बाबा सांगायचे, दोन पायल्या होत्या घरात.
एकीचं नाव लक्ष्मी.
दुसरीला नाव नव्हतं.
मी विचारलं की म्हणायचे, तिला कशाला लागते नाव."
मग, "ही कोणती?"

लाकडाची जात सांगता येते मला,
करवतीची दिशा, खिळ्याचं वय,
तेल कोणतं मुरलं, धुतलं किती वेळा.
नाव नाही सांगता येत.
पण मूठ तर अजून माझ्या हातातच होती.

त्यांना कागद हवा होता, हॉलमध्ये ठेवायचं तर
खाली चिठ्ठी लागते म्हणे.
मी लिहिलं: वस्तू एक. वयं दोन.
"उपयोग काय लिहू?"
"माप लिहा," म्हणाल्या.
मी लिहायला लागलो तर, "थांबा."
चहावर साय धरली होती.
शेवटी तो रकाना तसाच राहिला.
पायली त्यांनी साडीत गुंडाळली
आणि तबकडी वेगळी, पर्समध्ये, रुमालात.

ऊन सराफा ओळीकडे सरकलं तेव्हा
तांदूळ हातिमभाईकडे परत पाठवला.
पोट्ट्याला म्हटलं,
पिशवीतला नंतर ओत बे,
ही मूठ आधी टाक.
त्यांच्या समोर टाक.